घोड्याला घाबरणारा हान्स: केस एक, थिअऱ्या किती तरी

व्यक्तिमत्त्व कसं घडतं हा विषय शिकवताना नेहमी एक तक्ता देतात, एका रकान्यात फ्रॉइड, शेजारी ॲडलर, मग वर्तनवादी, मग बांडुरा, मग रॉजर्स, आणि प्रत्येकाच्या खाली चार ओळी. पाठ होतं, मार्कही मिळतात, पण यांचं नेमकं भांडण कशावरून आहे ते कळतच नाही कारण तक्त्यात हे कधी समोरासमोर येतच नाहीत. म्हणून मला वाटतं यांना सगळ्यांना एकाच मुलापुढे बसवावं आणि विचारावं, सांगा आता, हा असा का. असा एक मुलगा आहे, त्याच्यावर गेली शंभरहून जास्त वर्षं वाद चालू आहे, आणि मुख्य म्हणजे तो मोठा होऊन कोण झाला हेही आपल्याला माहीत आहे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९०९ साली छापलेली लहान हान्सची केस.

आधी घडलं काय ते, कुठलीही थिअरी न लावता (जितकं जमेल तितकं, कारण या केसची मूळ नोंदच थिअरी डोळ्यांवर चढवून केलेली आहे, ते पुढे येईलच).

हान्सचं खरं नाव हर्बर्ट ग्राफ, जन्म १९०३, व्हिएन्ना. वडील माक्स ग्राफ संगीत समीक्षक, आणि दर बुधवारी फ्रॉइडच्या घरी जमणाऱ्या मंडळींपैकी एक. आई लग्नाआधी फ्रॉइडकडे उपचार घेत होती. फ्रॉइडने १९०५ मध्ये बालवयातल्या लैंगिकतेबद्दल जे मांडलं होतं ते सगळं मोठ्या माणसांच्या आठवणींवरून काढलेलं होतं, प्रत्यक्ष मुलांकडून पुरावा हवा होता, म्हणून त्याने आपल्या जवळच्या लोकांना मुलांचं बोलणं वागणं टिपून ठेवायला सांगितलं आणि माक्स ग्राफ तीन वर्षांचाही न झालेल्या मुलाच्या नोंदी ठेवायला लागला. म्हणजे बघा, नोंद करणारा माणूस एकाच वेळी मुलाचा बाप, फ्रॉइडचा शिष्य, आणि फ्रॉइडच्या जुन्या पेशंटचा नवरा. उपचारही त्यानेच केले, फ्रॉइड पत्रातून सल्ला द्यायचा, आणि या प्रकरणात सल्लामसलतीसाठी तो मुलाला समोर बसवून फक्त एकदा भेटला, ३० मार्च १९०८ ला.

मुलगा साडेतीन वर्षांचा असताना शू करायच्या जागेला हात लावतो म्हणून आईने धमकी दिली की डॉक्टरला बोलावून कापून टाकायला लावीन. त्याच सुमारास, ऑक्टोबर १९०६ मध्ये, धाकटी बहीण झाली. मुलांना करकोचा पक्षी आणून देतो असं त्याला सांगितलेलं होतं, त्याचा त्यावर विश्वास बसला नाही ते वेगळं. पुढे नवीन घरात गेल्यावर आईबाबांच्या खोलीतून त्याला स्वतःच्या खोलीत झोपवायला लागले. उन्हाळ्यात ग्मुंडन नावाच्या गावी मुक्काम असायचा, तिथे बाबा येऊन जाऊन आणि आई सतत. तिथेच एका ओळखीच्या मुलीच्या बापाने तिला बजावलेलं याने ऐकलं की त्या पांढऱ्या घोड्यापुढे बोट नेऊ नको, चावेल. आणि तिथेच घोडा घोडा खेळताना याचा एक मित्र पडला आणि पायाला रक्त आलं.

मग जानेवारी १९०८. सांभाळणाऱ्या बाईबरोबर बागेत जाताना पोरगा रस्त्यात रडायला लागला, घरी चल, आईजवळ जायचंय. दुसऱ्या दिवशी आई स्वतः घेऊन गेली तरी घाबरला, आणि परत येताना म्हणाला की घोडा चावेल. तिथून पुढे बाहेर जायचं म्हटलं की भीती. त्या काळात रस्त्यावर घोडेच घोडे, त्यामुळे घोड्याची भीती म्हणजे जवळजवळ घराबाहेर पडायचीच भीती. नंतर बारकावे बाहेर आले: भरलेल्या गाड्या ओढणारे घोडे जास्त भीतीदायक, घोड्याच्या तोंडाजवळचं काळं काहीतरी आणि डोळ्यांपुढचं काहीतरी नको वाटतं, घोडा पडेल याची भीती. आणि एकदा आईबरोबर जाताना बसगाडीचा घोडा धाडकन पडून पाय झाडताना बघितला होता, आईनेही हे खरं असल्याचं सांगितलं. मे पर्यंत भीती बरीचशी ओसरली.

एवढंच. आता प्रत्येक जण यातली वेगवेगळी वाक्यं उचलतो.

फ्रॉइडचं वाचन सगळ्यांना माहीत असतं म्हणून थोडक्यात. मुलाला आई हवी, बाप आड येतो, बाप नाहीसा व्हावा असं वाटतं, त्याच बापावर प्रेमही आहे, शिवाय तो शिक्षा करेल म्हणजे कापून टाकेल ही धास्ती. हे सगळं मनात मावत नाही म्हणून ते घोड्यावर ढकललं. तोंडाजवळचं काळं म्हणजे बापाच्या मिशा, डोळ्यांपुढचं म्हणजे चष्मा. पडणारा घोडा म्हणजे बाप मरावा ही इच्छा, भरलेली गाडी म्हणजे आईचं पोट. शेवटी मुलाने कल्पना सांगितली की प्लंबर आला आणि त्याने जुनी शूची जागा काढून मोठी बसवली, म्हणजे बाबांसारखी, आणि आणखी एका कल्पनेत तो स्वतः बाबा झाला, आई त्याची बायको आणि बाबांना आजोबा करून टाकलं. फ्रॉइडच्या मते इथे गुंता सुटला. व्यक्तिमत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की फ्रॉइडला यातून फक्त भीती समजावायची नव्हती, त्याच्या पुढच्या मांडणीत इडिपस गंड (आई हवी, बाप आड येतो हाच गुंता) असा सुटतो की मुलगा बापाशी स्पर्धा सोडून बापासारखा व्हायला लागतो आणि त्यातूनच सदसद्विवेक, म्हणजे माणसाच्या स्वभावाचा कणा, तयार होतो.

एक गोष्ट फ्रॉइडच्या बाजूने बोलायला हवी, त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की मुलाला बऱ्याच गोष्टी दुसऱ्यांनी सांगाव्या लागल्या ज्या तो स्वतः म्हणू शकत नव्हता. लपवलं नाही. पण लपवलं नाही म्हणून दोष जात नाही ना! बाप प्रश्न विचारतो त्यातच उत्तर असतं, मुलगा कधी हो म्हणतो कधी वैतागतो, आणि फ्रॉइडला भेटून आल्यावर तर त्याने बापाला विचारलं की प्रोफेसर देवाशी बोलतात का, त्यांना सगळं आधीच कसं कळतं. पाच वर्षांच्या पोराने पद्धतीवर केलेली ही टीका मला त्या अख्ख्या केसमध्ये सगळ्यात नेमकी वाटते. आणि हेही फार कमी लोक सांगतात की १९२६ मध्ये फ्रॉइडने ह्याच केसवर परत येऊन आपला क्रम उलटा केला, आधी तो म्हणायचा की दाबलेली इच्छा चिंतेत बदलते, नंतर म्हणाला की चिंता आधी येते आणि तिच्यामुळे इच्छा दाबली जाते. कारण आणि परिणाम यांची जागाच बदलली आणि मुलाची नोंद मात्र तीच. ज्या पुराव्यातून दोन्ही उलटसुलट गोष्टी निघतात तो पुरावा किती घट्ट हे आपापलं ठरवावं.

१९६० मध्ये वोल्पी आणि रॅकमन या वर्तनवाद्यांनी या केसची चिरफाड केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, मुलगा स्वतः सांगतोय की बसचा घोडा पडला तेव्हा मी फार दचकलो आणि तेव्हापासून हे सुरू झालं, मग त्याचं का ऐकत नाही? आधीच घोडा चावतो ही ताकीद कानावर, खेळताना मित्राला लागलेलं डोळ्यासमोर, आणि त्यावर हा मोठा धक्का. कंडिशनिंग झालं, म्हणजे धक्का आणि घोडा यांची मनात जोडी बसली. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये अल्बर्ट नावाच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवून मागे लोखंडी कांब हातोड्याने ठोकली आणि बाळ उंदराला घाबरायला लागलं, तसंच. भीती कमी कशी झाली याचं उत्तरही त्यांच्याकडे आहे, नोंदी नीट वाचल्या तर पोरगा आधी फाटकापर्यंत, मग रस्त्यावर, मग आणखी लांब असा हळूहळू जात होता आणि वाईट काही घडत नव्हतं. मेरी कव्हर जोन्सने १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटरची भीती साधारण अशीच घालवली होती, खाऊ देत देत ससा जवळ आणून. मिशा आणि चष्म्याची गरजच नाही.

मलाही वाचताना हे पटत गेलं, पण एक दोन ठिकाणी अडतं. त्या शहरात घोडे पडणं काही दुर्मीळ नसणार, कितीतरी मुलांनी बघितलं असेल, सगळी घरात बसली नाहीत. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, तारखांचा क्रम. पहिल्या दिवशी रडला तेव्हा घोड्याचा उल्लेखच नाही! बाईबरोबर होता आणि आईकडे जायचं म्हणत होता. घोडा दुसऱ्या दिवशी आला.

इथे जॉन बोल्बी येतो, मूल आणि आई यांच्या जिव्हाळ्यावर काम करणारा ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ. १९७३ मध्ये त्याने विरहाच्या चिंतेवर लिहिताना हान्सची केस परत उघडली आणि तीच पानं वाचून ज्या ओळींवर बोट ठेवलं त्या फ्रॉइडच्याही समोर होत्या आणि वोल्पीच्याही. घोडा येण्याच्या आधी मुलगा झोपेतून रडत उठला होता की आई निघून गेली असं वाटलं. आणि नंतर एकदा सकाळी बापाच्या बिछान्यात येऊन तो म्हणाला की तुम्ही बाहेर गेलात की परत येणार नाही अशी भीती वाटते. बापाने विचारलं, मी कधी असं म्हटलंय का तुला? तर उत्तर आलं की बाबा नाही, आई म्हणाली होती परत येणार नाही म्हणून. आणि बापाने ते, तू मस्ती केली म्हणून म्हणाली असेल, असं म्हणून सोडून दिलं. सोडून दिलं!! मिशांवर केवढा विचार आणि आई घर सोडून जाईन म्हणते यावर एक वाक्य.

बोल्बीच्या मते मुलाची मूळ भीती ही की बाहेर गेलो आणि मागे आई गेली तर. घराबाहेर न पडणं हा त्यावरचा पोराचा उपाय. घोडा नंतर चिकटला, आणि चिकटायला कारण होतंच, तो खरोखर पडला होता. म्हणजे बोल्बीने कंडिशनिंग नाकारायची गरज नाही, ते कुठल्या जमिनीवर झालं तेवढं सांगितलं की झालं. आधीच आई जाईल या धास्तीत असलेल्या मुलाला तो पडलेला घोडा जसा लागला तसा निवांत मुलाला लागला नसता. मला तरी त्या जानेवारीचं हेच सगळ्यात सरळ स्पष्टीकरण वाटतं, कारण यात मुलाने स्वतः म्हटलेलं सगळं बसतं आणि त्याने न म्हटलेलं फारसं काही घालावं लागत नाही.

जन्मजात स्वभाव मानणारे काय म्हणतील तेही बघू. थॉमस आणि चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांना लहानपणापासून वर्षानुवर्षं बघितलं आणि सांगितलं की मूल जन्मतःच एक ठेवण घेऊन येतं, प्रश्न एवढाच की घरच्या लोकांशी त्याचं जुळतं का. नंतर जेरोम केगनने चार महिन्यांच्या बाळांना नवीन आवाज ऐकवले, नवीन खेळणी दाखवली, तेव्हा दिसलं की साधारण पाचातलं एक बाळ जोरात हातपाय मारतं, रडतं, आणि अशी बाळं पुढे बुजरी होण्याची शक्यता जास्त असते (शक्यता बरं का, नक्की नाही). पण हान्सला ही चौकट ओढून ताणून बसवावी लागते. नोंदींमधला पोरगा आनंदी, बोलका, मुलींवर जीव टाकणारा, सगळ्यांना सगळं विचारणारा आहे. बुजरा नाही. म्हणून या केसपुरतं मी हे बाजूला ठेवीन, तसं फार लहानपणीची नोंदच नाही त्यामुळे पक्कं काही म्हणताही येत नाही.

ॲडलर तर त्याच बुधवारच्या बैठकीत बसायचा, १९११ मध्ये फुटून निघाला. त्याच्या नजरेने पाहिलं तर कथेचा मध्य म्हणजे बहिणीचा जन्म, साडेतीन वर्षं एकटा राजा असलेला मुलगा गादीवरून खाली उतरला. नोंदींमध्ये बहिणीचा राग आहे, अगदी ती नसती तर बरं अशा अर्थाचंही आहे. फ्रॉइडनेही ते दिलंय. पण बहीण झाली १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये आणि भीती आली १९०८ च्या जानेवारीत, सव्वा वर्षाचं अंतर कशाने भरायचं? जन्मक्रमाने स्वभाव ठरतो ही कल्पना लोकांना फार आवडते, घरोघरी चर्चा असते, पण मोठ्या अभ्यासांमध्ये जन्मक्रमाचा व्यक्तिमत्त्वावरचा परिणाम जवळजवळ दिसत नाही.

आता हे सगळं झालं भीतीबद्दल. आणि इथेच बहुतेक जण थांबतात, केस संपली, कोण बरोबर ते ठरवा. पण विषय व्यक्तिमत्त्व आहे ना? चार पाच महिन्यांची भीती म्हणजे व्यक्तिमत्त्व नव्हे. पाचव्या वर्षी माणूस घडून जातो असं म्हणायचं असेल तर पंचवीस, पन्नास वर्षांनी तो माणूस कसा निघाला ते बघायला नको?

तर तो कसा निघाला. १९२२ मध्ये एकोणीस वर्षांचा धडधाकट तरुण फ्रॉइडच्या दारात आला आणि म्हणाला मी लहान हान्स. फ्रॉइडने केसला छोटी पुरवणी जोडली: तब्येत उत्तम, काही त्रास नाही. आईवडिलांचा घटस्फोट झालेला, दोघांनी परत लग्नं केलेली, हा एकटा राहायचा, दोघांशी संबंध चांगले, फक्त धाकट्या बहिणीपासून दूर पडल्याची खंत. (म्हणजे आई जाईल ही भीती अगदीच हवेतली नव्हती असं म्हणायचा मोह होतो, पण घर मोडलं ते नंतर, त्यामुळे मोह आवरावा.) आणि स्वतःची केस वाचली तेव्हा त्याला त्यातलं जवळजवळ काहीच आठवलं नाही, सगळं परकं वाटलं.

पुढे तो ऑपेराचा दिग्दर्शक झाला. साधासुधा नाही, व्हिएन्नात वाग्नरच्या रंगमंच दिग्दर्शनावर डॉक्टरेट, १९३३ मध्ये नाझी आल्यावर फ्रँकफर्टची नोकरी गेली, अमेरिकेत गेला, १९३६ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दोनएक दशकं, मग झुरिक, शेवटी जिनिव्हा, १९७३ मध्ये वारला. देश बदलला, भाषा बदलली, काम परत उभं केलं. रस्त्यावर पाऊल टाकायला घाबरणारा पोरगा हाच.

आता थिअऱ्यांना विचारा. फ्रॉइडवाला म्हणेल बघा, बापाशी तादात्म्य झालं, बाप संगीतातला, मुलगा संगीतातला. बांडुरावाला म्हणेल यात कापाकापीची भीती कशाला हवी, मूल जे रोज बघतं ते उचलतं, घरात संगीतकारांची ये जा, गुस्ताव्ह माहलर तर धर्मपिता. अनुवंशवाला म्हणेल बापाची जनुकं. तिघेही एकाच गोष्टीवर खूश आणि एकही दुसऱ्याला खोटं पाडू शकत नाही, कारण सख्ख्या बापाने वाढवलेल्या मुलात हे तिन्ही धागे एकाच माणसाकडून येतात, सोडवणार कसे. हा हान्सचा दोष नाही, कुठल्याही एका घरातल्या एका मुलाच्या केसचा हा प्रॉब्लेम असतोच, मग ती केस कितीही बारकाईने लिहिलेली असो.

ते धागे सोडवायला दुसऱ्याच प्रकारची माणसं लागली. १९७९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बुशार्डने जन्मतःच वेगळ्या घरी वाढलेली जुळी शोधून तपासायला सुरुवात केली. १९८८ मध्ये त्या टीमने व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांवर जे छापलं त्याचा सार असा की माणसामाणसांतल्या फरकांपैकी साधारण निम्मा भाग अनुवंशाशी जोडलेला दिसतो, आणि एकाच घरात वाढल्यामुळे येणारं साम्य अगदीच थोडं. उरलेला भाग ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेल्या वेगळ्या अनुभवांचा, त्यात मोजमापाची चूकही मिसळलेली. याने फ्रॉइडलाच नाही, वॉटसनलाही धक्का बसतो, दोघेही लहानपणच्या घरातल्या अनुभवांना फार मोठं श्रेय देणारे. मात्र हा आकडा लोकसंख्येतल्या फरकांबद्दल आहे, हर्बर्टचा निम्मा स्वभाव जनुकांनी आणि निम्मा आईने केला असा त्याचा अर्थ होत नाही, ही गल्लत इतक्या ठिकाणी दिसते की विचारू नका. आणि जानेवारी १९०८ मध्ये तो का रडला याबद्दल जुळ्यांचा अभ्यास एक अक्षर सांगत नाही.

म्हणून मला डॅन मॅकॲडम्सची मांडणी इथे कामाची वाटते. तो म्हणतो व्यक्तिमत्त्वाचे थर असतात, एक ढोबळ गुणविशेष, किती मिसळणारा, किती काळजी करणारा वगैरे, दुसरा माणसाला काय हवंय, कशाला घाबरतो, कुठल्या भूमिकेत कसा जुळवून घेतो, आणि तिसरा तो स्वतःची गोष्ट स्वतःला कशी सांगतो. हान्सची भीती दुसऱ्या थरातली, आली आणि गेली. पहिल्या थरावर जुळ्यांचे अभ्यास बोलतात. तिसऱ्या थराकडे बहुतेकांनी बघितलंच नाही, खरं तर सामान तयार आहे. म्हातारपणी, १९७२ मध्ये, हर्बर्ट ग्राफने एका ऑपेरा मासिकाला लांबलचक मुलाखत दिली, त्यात स्वतःच्या आयुष्याची सुरुवात कुठून सांगतो तर बाप आणि त्याचं संगीत, मग सोळाएक वर्षांचा असताना बर्लिनमध्ये बघितलेली माक्स राइनहार्टची भव्य नाटकं आणि तिथेच हे आपण ऑपेरात करायचं असं ठरवणं. ऑपेरातला दिग्दर्शक हा न दिसणारा माणूस असतो असं तो म्हणायचा. फ्रॉइड आणि घोडा त्यात आहेत, पण एका किश्श्याच्या जागी आहेत, पायाच्या जागी नाहीत. एरिकसनने किशोरवयात ओळख ठरण्यावर जो भर दिला तो या मुलाखतीवर जितका बसतो तितका इडिपस बसत नाही. आता माणूस स्वतःबद्दल सांगतो ते सगळं खरं असतं असं नाही, फ्रॉइडवाला लगेच म्हणेल की विसरलाय हाच पुरावा. त्या युक्तिवादाला उत्तर नाही, आणि उत्तरच देता येत नाही हीच त्याची अडचण.

जाता जाता एक राहिलेलं. त्याच घरात, त्याच आईबापांच्या पोटी, तीच धमक्या देणारी आई आणि तेच तुटलेलं घर घेऊन एक मुलगी वाढत होती. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी १९८७ मध्ये विचारलेला प्रश्न, एकाच घरातली भावंडं एकमेकांपासून इतकी वेगळी का, तो या केसला लावायचा तर तिच्या नोंदी लागतील. त्या बापाने ठेवल्या नाहीत. केसमध्ये ती आहे ती फक्त भावाला कशी नकोशी वाटते एवढ्यापुरती.